करवंदाची जाळी आपल्या अंगणात

‘डोंगरची काळी मैना!’ चैत्र-वैशाखात ही आरोळी कानावर आली, की पाय आपोआप दाराकडे वळतात. पानाच्या द्रोणातली करवंदं आणि ‘कोंबडा की कोंबडी’चा खेळ! फळ चावून बघायचं; आत लाल तर कोंबडा, पांढरट तर कोंबडी. पण हल्ली टेकडीवर प्लॉट पडले, की पहिला कोयता बसतो तो या काटेरी जाळीवरच. मग एखादी जाळी आपल्या अंगणात का असू नये?

मी ती लावायला गेलो आणि पहिल्याच वर्षी फसलो. खाल्लेल्या करवंदांच्या बिया धुऊन, वाळवून पुडीत ठेवल्या. म्हटलं, मृगाचा पाऊस पडला की पेरू. एकही उगवली नाही. ज्वारी-बाजरीचं बियाणं वाळवून वर्षभर टिकतं. करवंदाचं तसं नसतं. त्याची उगवणशक्ती फार लवकर जाते. म्हणून पूर्ण पिकलेलं फळ घ्यावं, गर धुऊन काढावा आणि बी लगेच पेरावी. माती, वाळू आणि शेणखत समभाग मिसळून पिशव्या भराव्यात, बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल टाकावी. पिशव्या सावलीत ठेवून माती ओलसर राखावी. रोपं सावकाश वाढतात. पुढच्या पावसाळ्यात ती जमिनीत लावता येतात.

बियांपासून आलेल्या झाडाची फळं मूळ झाडासारखीच असतील असं मात्र नाही. एखाद्या जाळीची करवंदं टपोरी आणि गोड असतील, तर पावसाळ्यात तिच्यावर गुटी कलम बांधावं. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढावी, वाहणारा चीक पुसावा, ओलं शेवाळ लावून वर प्लॅस्टिक घट्ट बांधावं. आत मुळ्या भरपूर दिसू लागल्या, की फांदी खालून कापून पिशवीत लावावी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळांची जातही लावण्याजोगी आहे.

जागा उन्हाची हवी. मुरमाड, हलकी जमीन चालते. पाणी साचलेलं मात्र खपत नाही. कुंपणासाठी दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवावं. पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावं, पुढे झाड स्वतःचं स्वतः बघतं. फळं काढून झाली, की पावसाआधी हलकी छाटणी करावी. तीन-चार वर्षांत पांढरी, सुवासिक फुलं येतात आणि मागोमाग फळं. कच्च्या करवंदांचं लोणचं घालावं, पिकलेल्यांचा मुरंबा करावा. केकवरची लालभडक ‘चेरी’ही पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असते!

तेव्हा यंदा करवंदं खाल, तेव्हा बिया थुंकून टाकू नका. त्याच संध्याकाळी पेरा. आपल्या नातवंडांनाही ‘कोंबडा की कोंबडी’ खेळता आलं पाहिजे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)