मागापासून मोटारीपर्यंत : सुझुकी घराण्याची वाटचाल

जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यालगत, टोकिओ आणि नागोया यांच्या दरम्यान हामामात्सू नावाचे शहर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या परिसराचा लौकिक कापूस आणि माग यांच्यामुळे होता. इचलकरंजी किंवा मालेगाव ज्यांच्या ओळखीचे आहे त्यांना तिथले वातावरण सहज डोळ्यांसमोर आणता येईल. याच परिसरातील एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी १८८७ साली मिचिओ सुझुकी यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी ते एका सुताराकडे उमेदवारी करू लागले. रशिया-जपान युद्धाच्या काळात घरबांधणीचे काम थंडावले, तेव्हा त्यांच्या उस्तादाने लाकडी माग बनवण्यास घेतले आणि मिचिओंच्या हाताला मागाची ओळख झाली. उमेदवारी संपल्यावर त्यांनी पहिला माग घडवला तो आपल्या आईसाठी. पायाने चालणारा तो माग शेजाऱ्यांनी पाहिला, मागण्या येऊ लागल्या आणि १९०९ मध्ये रेशीमकिडे पाळण्याच्या एका जुन्या शेडमध्ये सुझुकींचा माग-कारखाना सुरू झाला. १९२० मध्ये त्याची रीतसर कंपनी झाली.

मागांच्या या धंद्यात एक चमत्कारिक अडचण होती. सुझुकींचे माग इतके टिकाऊ निघत की एकदा घेतलेले गिऱ्हाईक दुसरा माग मागायला वर्षानुवर्षे येतच नसे. नवी बाजारपेठ म्हणून आग्नेय आशियातील सारोंग विणणारे खास माग त्यांनी तयार केले, निर्यातही केली. परंतु एकाच मालावर पेढी चालणार नाही, हे मिचिओंच्या ध्यानी आले होते. १९३७ मध्ये त्यांनी ब्रिटनची एक छोटी ऑस्टिन सेव्हन मोटार विकत आणवली आणि तिचे भाग सुटे करून अभ्यासण्यास सुरुवात केली. नमुन्याच्या गाड्या तयारही झाल्या. तेवढ्यात महायुद्ध आले आणि तो सारा उद्योग गुंडाळावा लागला.

युद्धानंतरची वर्षे कठीण गेली. बॉम्बवर्षावात शहराची धूळधाण झाली होती. कारखान्यात शेतीची अवजारे, विजेच्या शेगड्या असे जमेल ते बनवून दिवस काढले गेले. १९५० मध्ये कामगारांशी तीव्र संघर्ष झाला आणि कंपनी बुडण्याच्या बेतात आली. त्या वेळी टोयोडा या माग बनवणाऱ्या घराण्याच्या कंपनीने आर्थिक हात दिला. टोयोडा म्हणजे आजच्या टोयोटा मोटारीचे मूळ घराणे. एकाच धंद्यातल्या, खरे पाहता प्रतिस्पर्धी, पेढीने दिलेला तो आधार सुझुकी घराणे विसरले नाही. पुढच्या वर्षीच कापडाचा बाजार कोसळला आणि मागांवर विसंबून राहण्याचे दिवस संपले.

मार्ग सापडला तो मासेमारीच्या छंदातून. मिचिओंचे जावई शुन्झो सायकलवरून मासे धरायला जात. परतताना समोरून येणाऱ्या वाऱ्यात पायडल मारून दमछाक होई, तेव्हा सायकलला एक लहानसे इंजिन बसवले तर, हा विचार त्यांच्या मनात आला. १९५२ मध्ये ३६ सीसीचे 'पॉवर फ्री' हे इंजिन बाजारात आले. १९५४ मध्ये कंपनीने 'सुझुकी मोटर' हे नाव धारण केले आणि १९५५ मध्ये 'सुझुलाइट' ही ३६० सीसीची, पुढच्या चाकांना गती देणारी छोटी मोटार विक्रीस आली.

इथे क्षणभर थांबून शुन्झोंविषयी सांगितले पाहिजे, कारण सुझुकीचा इतिहास हा मोठ्या अंशी जावयांचा इतिहास आहे. जपानमध्ये 'मुकोयोशी' नावाची जुनी प्रथा आहे. मुलीच्या नवऱ्याला रीतसर दत्तक घ्यायचे, त्याने सासरचे आडनाव लावायचे आणि पेढीचा वारस व्हायचे. ओसाका-क्योटोच्या जुन्या व्यापारी घराण्यांत ही प्रथा शतकानुशतके चालत आली. आपल्याकडे 'घरजावई' हा शब्द उच्चारताना ओठांवर किंचित मिश्कील हसू येते; तिथे मात्र त्या जागेला मान आहे. पोटचा मुलगा कसा निघेल हे कोणाच्या हाती नसते, जावई मात्र पारखून घेता येतो, असा त्यामागचा रोखठोक व्यापारी हिशेब. मिचिओंनंतर १९५७ मध्ये शुन्झो अध्यक्ष झाले ते याच वाटेने. आणि पुढे शुन्झोंच्या मुलीशी विवाह करून जो तरुण घरात आला, त्याने कंपनीचे रूपच पालटून टाकले.

त्याचे मूळचे नाव ओसामू मात्सुदा. १९३० मध्ये गिफू प्रांतातील गेरो येथे जन्म, कायद्याचे शिक्षण आणि बँकेतील कर्जविभागात नोकरी. १९५८ मध्ये तो सुझुकीत दाखल झाला. बँकेत कर्जदारांच्या वह्या तपासण्याची सवय लागलेल्या या माणसाने ती नजर आयुष्यभर सोडली नाही. वर्षातून एकदा ते स्वतः कारखान्यांची पाहणी करीत आणि कुठे दिवा विनाकारण जळतो, कुठे कामगाराला दोन पावले अधिक चालावे लागते, हे टिपून घेत. उजेड आणि गुरुत्वाकर्षण फुकट मिळते, तेव्हा छतातून सूर्यप्रकाश घ्या आणि सुटे भाग उतारावरून घसरत येऊ द्या, असा त्यांचा आग्रह असे. म्हातारपणीही ते विमानाच्या साध्या वर्गातून प्रवास करीत.

१९७८ मध्ये ओसामू अध्यक्ष झाले तेव्हा परिस्थिती बिकट होती. धुरासंबंधी कडक झालेल्या सरकारी नियमांत सुझुकीची टू-स्ट्रोक इंजिने बसेनात. आदल्याच वर्षी टोयोटा-परिवारातील दाइहात्सूकडून इंजिने घेऊन एक गाडी बाजारात आणावी लागली होती. या कोंडीतून १९७९ ची 'ऑल्टो' जन्मली. तिच्यामागचा विचार निखळ दुकानदारीचा होता. लहान मोटारीत बहुतेक वेळा एक-दोन माणसेच बसतात, मग मागची जागा सामानासाठी मोकळी ठेवून तिची नोंद मालवाहू गाडी म्हणून केली तर? प्रवासी मोटारीवरचा वस्तुकर वाचतो. किंमत ठेवली ४ लाख ७० हजार येन, साऱ्या देशात एकच. इतर छोट्या मोटारी तेव्हा ६ लाखांच्या पुढे होत्या. ऑल्टोवर गिऱ्हाइकांची झुंबड उडाली, आणि त्यांत गृहिणी मोठ्या संख्येने होत्या.

जपानमधील सुझुकीमालकांचे बोलणे आजही याच वळणाचे असते. पिवळ्या पाटीच्या या छोट्या गाड्यांवर वार्षिक कर कमी आणि खेड्यातील अरुंद गल्लीत त्या सहज वळतात. भाजी पिकवणारा शेतकरी 'कॅरी' या छोट्या ट्रकबद्दल आपल्या बैलाबद्दल बोलावे तसे बोलतो. बर्फाळ डोंगराळ भागातील लोक 'जिम्नी'वर जीव टाकतात. तिची बसकण कडक, वेग बेताचा, मागची जागा नावापुरती. हे सगळे कबूल करूनच ते तिची स्तुती करतात.

भारताशी सुझुकीचे नाते जुळले १९८२ मध्ये. सरकारी मालकीच्या मारुती उद्योग या कंपनीला परदेशी भागीदार हवा होता आणि मोठ्या कंपन्यांना त्यात फारसा रस नव्हता. ओसामूंनी मात्र पाहुण्यांशी बोलणी करण्यास स्वतः वेळ दिला. ज्या बाजारात पहिला क्रमांक मिळू शकेल तिथेच जावे, असा त्यांचा हिशेब होता. जपानमध्ये तो मिळणे शक्य नव्हते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात करार झाला आणि सुझुकीने २६ टक्के भांडवल घातले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. २०१० मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी ती गाडी विकली नाही.

ही ८०० म्हणजे जपानी ऑल्टोचीच बहीण, फक्त इंजिन ७९६ सीसीचे. कुर्ल्याला बनणारी फियाट आणि कोलकात्याजवळची अॅम्बॅसॅडर यांच्यावर वाढलेल्या पिढीला तिचे पहिले नवल वाटले ते साध्या गोष्टींचे. थंडीत सकाळी एका किल्लीत सुरू होणारी गाडी! धक्का मारायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागत नाही, गिअर हलका पडतो, स्टिअरिंगला जोर लागत नाही. घरातील स्त्रिया मोटार चालवू लागल्या त्यात या हलकेपणाचा वाटा मोठा. 'ॲव्हरेज किती देते?' हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या संदर्भात कुळ-गोत्र विचारावे तसा विचारला जातो, आणि मारुतीवाला त्याचे उत्तर मान वर करून देई. तालुक्याच्या गावीही सुटा भाग मिळतो, मिस्त्री मिळतो आणि पाच वर्षांनी विकायला काढली तर पदरात बरे पैसे पडतात. व्यापारी घरांत तर 'ओम्नी' व्हॅनने घर आणि दुकान दोन्ही सांभाळले. सोमवार ते शनिवार तिच्यात कापडाचे तागे किंवा तेलाचे डबे, आणि रविवारी सीट लावून सारे कुटुंब देवदर्शनाला.

याच मालकांच्या तक्रारीही ठरलेल्या. पत्रा पातळ, टेकून उभे राहिले तरी पोचा येतो. महामार्गावर शेजारून ट्रक गेला की गाडी थरथरते. ओम्नीत चालकाचे गुडघे आणि समोरून येणारे वाहन यांच्यामध्ये पत्र्याखेरीज काही नाही. बरीच वर्षे ही कुरकुर हसण्यावारी गेली. २०१४ मध्ये मात्र ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या ऑल्टो ८०० ची धडक-चाचणी घेतली आणि प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्याच वर्षी स्विफ्टचाही निकाल तोच लागला. त्या वेळी भारतीय कायद्याला एअरबॅगची आवश्यकता नव्हती, हे खरे. ती बसवलेली, महाग गाडी गिऱ्हाईक घेत नाही, हा युक्तिवादही खोटा नव्हता. परंतु ज्या वस्तूत बसून घरची मुले शाळेत जातात, तिच्या बाबतीत गिऱ्हाईक मागत नाही म्हणून दिले नाही, हे उत्तर कोणत्याही विक्रेत्याला पुरेसे वाटू नये. पुढे कायदा बदलला, गाड्या बदलल्या, आणि २०२४ मध्ये नव्या डिझायरने त्याच संस्थेच्या चाचणीत पाच तारे मिळवले. ऑल्टोने निम्मे भाडे वाचवले म्हणून खूश असलेली अनेक कुटुंबे आज मुलांसाठी गाडी घेताना आधी तारे मोजतात, मग ॲव्हरेज विचारतात.

काटकसरीने आणखी एकदा दगा दिला तो खुद्द जपानमध्ये. २०१६ मध्ये कंपनीने कबुली दिली की इंधनाच्या वापराचे आकडे काढताना विहित चाचणी केली गेलीच नव्हती. तिचे चाचणी-मैदान समुद्राजवळ उंचवट्यावर, तिथे वारा फार. मापे नीट येत नसत. वाऱ्याचा बंदोबस्त करण्यावर खर्च करण्याऐवजी कारखान्यात मोजलेल्या आकड्यांवर काम भागवले गेले. ओसामूंनी मुख्य कार्यकारी पद सोडले. भारतातही सारे गोड नव्हते. अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एक, भोजनगृह एक, ही पद्धत त्यांनी इथे रुजवली होती. तरी २०१२ मध्ये मानेसरच्या कारखान्यात हिंसाचार उसळून एका वरिष्ठ अधिकाऱ्याला प्राण गमवावा लागला.

घराच्या वारशाचेही तसेच झाले. ओसामूंनीही आपल्या जावयाला, सरकारी सेवेतून आलेल्या हिरोताका ओनो यांना, उत्तराधिकारी म्हणून पुढे आणले होते. २००७ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्याला पुन्हा गादीवर बसावे लागले. २०१५ मध्ये पुत्र तोशिहिरो अध्यक्ष झाले. २०१९ मध्ये टोयोटा आणि सुझुकी यांनी एकमेकांचे समभाग घेतले, तेव्हा १९५० च्या मदतीची आठवण जुन्या मंडळींना झाल्यावाचून राहिली नसेल. २५ डिसेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ओसामूंचे निधन झाले. महिनाभराने भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

त्याच जानेवारीच्या अखेरीस जपानमध्ये पाच दारांच्या 'जिम्नी नोमाडे'ची नोंदणी खुली झाली. चार-पाच दिवसांत सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. महिन्याला १,२०० गाड्या विकण्याचा तिचा बेत होता. ही गाडी जपानमध्ये बनत नाही. ती गुरुग्रामच्या कारखान्यात तयार होऊन जहाजाने जपानला जाते.