सातशे सात घोडे आणि एक लगाम



रविवारचा वर्ग सुटला की आवारात दोन सभा भरतात. पालकांची सभा चहाच्या थर्मासभोवती आणि मोठ्या मुलांची सभा पार्किंगमध्ये. मुलांच्या सभेत सध्या एकच विषय असतो : कुठल्या गाडीची अश्वशक्ती जास्त? आपण राहतो डेट्रॉइटच्या परिसरात, तेव्हा हा विषय निघणारच. म्हणून या वेळी आम्ही 'मसल कार'विषयी लिहायचे ठरवले.

आधी अश्वशक्ती म्हणजे काय ते पाहू. वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करते हे लोकांना समजावे म्हणून जेम्स वॅटने हे माप रूढ केले. ५५० पौंडांचे वजन एका सेकंदात एक फूट उचलले, की झाली एक अश्वशक्ती. विजेच्या भाषेत ७४६ वॅट.

मसल कारची कल्पना सोपी आहे. मध्यम आकाराची, परवडणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे इंजिन बसवायचे. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ ही पहिली खरी मसल कार, असे बहुतेक शौकीन मानतात. तिची शक्ती होती ३२५. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराविषयीचे कायदे कडक झाले आणि १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला. १९७४ च्या मस्टँगमध्ये तर व्ही-८ इंजिन मिळतच नव्हते! (एक सूचना : जुने आकडे पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेले असत. १९७२ पासून ते जोडून मोजू लागले. त्यामुळे जुने आणि नवे आकडे थेट ताडून पाहू नका.)

आता नवे आकडे पाहा. २०१५ च्या डॉज चॅलेंजर हेलकॅटची शक्ती ७०७. २०१७ च्या कॅमॅरो झेडएल-१ ची ६५०. २०२० च्या शेल्बी जीटी-५०० ची ७६०. आणि २०२३ च्या डीमन १७० ची, इथेनॉल जास्त असलेले ई-८५ इंधन घातले तर, १,०२५!

एवढी शक्ती येते कुठून? १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे खरी अडचण पेट्रोलची नसून हवेची आहे. आजी चुलीत फुंकणीने हवा फुंकायची आणि जाळ भडकायचा, ते पालकांना आठवत असेल. सुपरचार्जर ही इंजिनाची फुंकणी. तो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, मग जादा पेट्रोल जाळता येते. वर उल्लेखलेल्या चारही नव्या गाड्यांना सुपरचार्जर आहे.

शौकिनांमध्ये मात्र तीन पंथ आहेत. पहिला आकडेवाल्यांचा : पाव मैल किती सेकंदांत, एवढेच बोला. दुसरा वळणवाल्यांचा. ते म्हणतात, हेलकॅटचे वजन ४,४०० पौंडांहून जास्त. सरळ रस्त्यावर ठीक, वळणावर काय? त्यांना ५०० अश्वशक्तीची, हाताने गिअर टाकायची मस्टँग डार्क हॉर्स अधिक आवडते. तिसरा पंथ आवाजवाल्यांचा. व्ही-८ ची गुरगुर नसेल तर त्यांना ती गाडीच वाटत नाही. २०२४ मध्ये डॉजने ६७० अश्वशक्तीपर्यंतची विजेवरची चार्जर आणली, तिला कृत्रिम आवाजही दिला, पण या मंडळींचे समाधान झाले नाही. त्यांची हळहळ आम्ही समजू शकतो. चॅलेंजरचे उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबले आणि कॅमॅरोचेही त्याच महिन्यात.

आमचे मत? सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांचा वेग नुसता टिकवायला साधारण ३० अश्वशक्ती पुरते. आमच्या लहानपणी घरी मारुती ८०० होती. तिची शक्ती ४० हूनही कमी. पाच माणसे आणि वर डबे-पिशव्या घेऊन ती घाट चढायची, फक्त अधूनमधून तिला दम खाऊ द्यावा लागे. बाकीची शक्ती लागते ती वेग झटकन वाढवायला. पण ती रस्त्यापर्यंत पोचते टायरमधून, आणि प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. त्या चार तळहातांची पकड संपली, की घोडे कितीही असोत, गाडी तुमची राहत नाही.

हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही. एका ऑगस्टमध्ये आम्ही वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या-नव्या गाड्यांची मिरवणूक बघत बसलो होतो. नुकताच शिडकावा झाला होता. एका गाडीने लोकांना खूश करायला ऐटीत वेग घेतला, मागची चाके घसरली आणि गाडी फूटपाथवर चढून आमच्या घडीच्या खुर्च्यांपासून आठ-दहा फुटांवर थांबली. कुणाला लागले नाही. चालवणारा मुलगा विशीतला होता. तो खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

आमची मुलगी त्या वेळी शेजारीच होती. ती आता गाडी शिकते आहे. हेलकॅटला दोन किल्ल्या मिळत, हे तिला ठाऊक आहे : लाल किल्लीने सगळे ७०७ घोडे मोकळे आणि काळीने ५०० पर्यंतच. इंजिन तेच, फक्त किल्ली ओळखून संगणक लगाम घालतो. मुलीने विचारले, "बाबा, तुम्ही मला कुठली दिली असती?" आम्ही पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो, तरी म्हणालो, "कुठलीच नाही. काळ्या किल्लीतही ५०० घोडे उरतातच. ओल्या रस्त्यावर पाय कधी उचलायचा, हे तुझे तुला कळले पाहिजे." सध्या तिला आमच्या जुन्या गाडीची किल्ली मिळते, आणि तीही आई किंवा बाबा शेजारी असतील तरच. ती थोडी रुसली आहे. चालायचेच.

आता घरचा अभ्यास. वेग दुप्पट झाला, तर गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किती पट अंतर लागेल? दुप्पट म्हणू नका! ताशी ३५ आणि ७० मैल हे वेग घ्या, वेगाचा वर्ग करून पाहा आणि उत्तर पुढच्या रविवारी मराठीत सांगा.