म्यूनिकच्या संग्रहालयातील एक टेबल

संग्रहालय म्हटले की ताम्रपट, तलवारी आणि भंगलेल्या मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे येतात. म्यूनिक शहरी ईझार नदीच्या बेटावर असलेले डॉयचेस म्युझियम निराळ्या जातीचे आहे. त्याचे संस्थापक ओस्कार फोन मिलर हे विद्युत्-अभियंते. १८८२ साली मीसबाखहून म्यूनिकपर्यंत ५७ किलोमीटर तारेतून वीज आणून तिच्यावर त्यांनी कृत्रिम धबधब्याचा पंप चालवून दाखविला होता. १९०३ साली त्यांनी ही संस्था काढली. बेटावरील इमारत १९२५ साली खुली झाली. प्रेक्षकाने स्वतः कळ दाबावी, दांडा फिरवावा, हा त्यांचा आग्रह.

ग्वेरिकेने निर्वात केलेले आणि घोड्यांनाही न उघडलेले ते गोलार्ध येथेच आहेत. डीझेलचे १८९७ चे इंजिनही येथेच आहे. इंधनातील उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक भाग त्याने कामी लावला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हे साधत नव्हते.

पण आम्हांस अधिक बोलावयाचे आहे ते एका साध्या लाकडी टेबलाविषयी. त्यावर पॅराफिनचा ठोकळा, कणमापक नळ्या, बॅटऱ्या अशी उपकरणे मांडलेली. न्यूट्रॉनचा वेग मंदावण्यासाठी पॅराफिन. असे मंद न्यूट्रॉन युरेनियमवर सोडले असता बेरियम निर्माण होते, हे हान आणि श्ट्रासमान यांना डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनला आढळले. जड युरेनियमातून हलके बेरियम यावे कसे? उलगडा केला लीझ माइट्नर आणि त्यांचे भाचे फ्रिश यांनी. थेंब ताणला जाऊन दुभंगावा तसा अणुगर्भ दुभंगतो, आणि घटलेल्या वस्तुमानाची ऊर्जा होते. दर गर्भामागे सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट!

बाईंनी हा हिशेब केला तो स्वीडनमध्ये. ज्यू वंशाच्या म्हणून जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली होती. वास्तविक १९३४ साली या संशोधनास हान यांना प्रवृत्त केले ते त्यांनीच. तरी १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले, आणि संग्रहालयातील टेबलही कित्येक वर्षे ‘ओटो हान यांचे कामाचे टेबल’ म्हणूनच दाखविले गेले. टीका झाल्यावर पुढे पाटी बदलली व तिघांची नावे आली.

मौज अशी की असे टेबल मुळात नव्हतेच. किरणोत्साराने मोजमाप बिघडू नये म्हणून ही कामे वेगवेगळ्या खोल्यांत चालत. प्रेक्षकांच्या सोयीसाठी त्यांतील उपकरणे एका फळीवर आली, इतकेच.