अतींद्रियाची परीक्षा

डोळे, कान, त्वचा यांच्या मदतीशिवाय मनाला बाहेरच्या जगाचे काही कळू शकते का, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेणाऱ्या शाखेला परामानसशास्त्र म्हणतात. आणि ही शाखा विज्ञानात धरावी की भोंदूगिरीत, यावर शतकाहून अधिक काळ वाद चालू आहे. वादाच्या भरात बहुतेकांचे लक्ष विषयाच्या नावावर खिळून राहते. खरे तर दावा मांडणारा माणूस, कोणता निकाल आला तर आपला दावा खोटा ठरेल, हे परीक्षेपूर्वीच सांगायला तयार आहे का, एवढे पाहिले तरी बराच उलगडा होतो. १८८२ मध्ये लंडनमध्ये ‘सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च’ स्थापन झाली आणि केंब्रिजचे तत्त्वज्ञ हेन्री सिज्विक तिचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माध्यमांची तपासणी हे तिचे एक मोठे काम होते, आणि त्या तपासणीत अनेक माध्यमांच्या हातचलाख्या उघड्या पडल्या.

प्रयोगशाळेतील संशोधनाला मात्र जोर आला तो १९३०च्या दशकात, अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी सुरू केलेल्या पत्त्यांच्या प्रयोगांमुळे. वर्तुळ, अधिकचे चिन्ह, नागमोडी रेषा, चौकोन आणि चांदणी अशा पाच चिन्हांचे प्रत्येकी पाच, म्हणजे एकूण पंचवीस पत्ते असत. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच उत्तरे बरोबर येणार, त्यामुळे त्याहून सातत्याने जास्त येत असतील तर कारण शोधावे लागते. १९३३-३४ मध्ये प्रॅट हे साहाय्यक एका इमारतीत बसून मिनिटाला एक पत्ता पालथाच बाजूला काढून ठेवत आणि पिअर्स हा विद्यार्थी शंभर ते अडीचशे यार्डांवरच्या ग्रंथालयात बसून आपले उत्तर लिही. अशा १८५० पत्त्यांत ३७० उत्तरे योगायोगाने बरोबर येणे अपेक्षित असताना ५५८ आली. हा आकडा योगायोगाच्या खात्यात टाकता येत नाही, हे टीकाकारांनीही मान्य केले. पुढे सी. ई. एम. हॅन्सेल या मानसशास्त्रज्ञाने प्रत्यक्ष जागा पाहून विचारलेला प्रश्न अगदी साधा होता: ग्रंथालयात पिअर्सवर लक्ष ठेवायला कोण होते? कोणीच नव्हते; म्हणजे त्याने उठून येऊन दारावरच्या काचेतून डोकावणे अशक्य नव्हते. त्याने तसे केले याचा पुरावा नाही, पण अशक्य वाटणारी शक्ती सिद्ध करायला निघालेल्या प्रयोगात शक्य असलेली लबाडी आधी बंद करावी लागते, आणि ती इथे बंद नव्हती.

याच परंपरेतील १९७४ची घटना तितकीच बोलकी आहे. ऱ्हाइन यांनी पुढे काढलेल्या संस्थेचे संचालक वॉल्टर लेव्ही हे उंदरांवरील प्रयोगाच्या यंत्रात फेरफार करतात असा संशय सहकाऱ्यांना आला, तेव्हा त्यांनी गुपचूप दुसरी नोंदयंत्रणा जोडली, दोन्ही नोंदी जुळत नाहीत हे दाखवले, आणि लेव्हींना पद सोडावे लागले. गैरव्यवहार घडला तो संस्थेत आणि पकडला तोही संस्थेनेच. १९६९ पासून परामानसशास्त्रज्ञांची संघटना अमेरिकेतील विज्ञानवर्धक संघटनेशी, म्हणजे ‘ट्रिपल ए एस’शी संलग्न आहे, ही मान्यता त्यांच्या निष्कर्षांना नसून पद्धतीला आहे, हे मात्र तिचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

या क्षेत्रातही पळवाटा आहेतच. श्रद्धाळूंना जास्त गुण मिळतात आणि संशयखोरांना कमी, असे एकदा मानले, आणि अपेक्षेपेक्षा कमी गुण हेही सुप्त शक्तीचेच लक्षण धरले, की कोणताही निकाल दाव्याच्या विरुद्ध जाऊच शकत नाही.

कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी २०११ मध्ये एका प्रतिष्ठित मानसशास्त्रीय नियतकालिकात नऊ प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा खळबळ उडाली ती या कारणाने की पद्धत सर्वमान्य होती. स्मरणाची परीक्षा झाल्यानंतर ज्या शब्दांचा सराव करवून घेतला, तेच शब्द परीक्षेत आधी जास्त आठवले होते, असा त्यांचा एक दावा होता. रिची, वाइजमन आणि फ्रेंच यांनी तो प्रयोग तीन ठिकाणी पुन्हा केला, तेव्हा काहीच हाती लागले नाही. मग प्रश्न उलटा फिरला: नेहमीच्याच पद्धतीने भविष्यही ‘सिद्ध’ होत असेल, तर तिने सिद्ध झालेल्या बाकीच्या गोष्टींचे काय? या अस्वस्थतेला इतर कारणेही होती. पण २०१५ मध्ये मानसशास्त्रातील शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले तेव्हा जेमतेम ३६ टक्के प्रयोगांत पहिल्यासारखा ठोस परिणाम दिसला. प्रयोगापूर्वीच गृहीतक आणि गणिताची रीत नोंदवून ठेवण्याचा जो शिरस्ता त्यानंतर रूढ होत गेला, तो युरोपातील परामानसशास्त्राच्या एका नियतकालिकाने १९७०च्या दशकातच अवलंबला होता. या शाखेचे पदरी पडलेले काम असेल तर ते हेच. टेलिपथी काही तिच्या हाती लागली नाही.

बाजारातल्या आध्यात्मिक दाव्यांची तऱ्हा निराळी. ‘क्वांटम’, ‘ऊर्जा’, ‘स्पंदने’ हे शब्द पदार्थविज्ञानातून उचलायचे आणि मोजमापाचा विषय निघाला की श्रद्धेचा आडोसा घ्यायचा, ही त्यांची रीत. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाने पालकांकडून हजारो रुपये घेऊन मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग महाराष्ट्रातही निघाले. पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते, आणि तिच्यातून खाली धरलेला कागद दिसतो. तोच कागद कपाळाच्या पातळीवर धरला की मुलाचे वाचन थांबते. विवेकवादी कार्यकर्त्यांनी ही साधी चाचणी वारंवार करून दाखवली आहे. चलाखी मुलाची, पण ती त्याला अंगवळणी पाडणारे मोठेच असतात.

दावा अतींद्रिय शक्तीचा नसून ग्रहताऱ्यांचा असला तरी परीक्षेची हीच शिस्त पुण्यात २००८ मध्ये पाळली गेली. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, हे ज्योतिषांनी ओळखायचे होते. प्रत्येकाला चाळीस पत्रिका देण्यात आल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांची सरासरी ४६ टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवून जे साधले असते त्याहून किंचित कमीच. एका ज्योतिष संस्थेने तर दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या, आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली. दावा फोल ठरला; तरीही आपले शास्त्र या कसोटीवर घासायला पुढे आलेले हे ज्योतिषी, परीक्षाच मुळात अपमानास्पद मानून घरी बसलेल्यांपेक्षा विज्ञानाच्या किती तरी जवळ होते.