नस्ती ते फाइल : वकिलांच्या कार्यालयासाठी संगणकाची परिभाषा

पक्षकार वकिलांना ओळखतो; पण दाव्याची पुढची तारीख, नक्कल अर्जाची स्थिती आणि कागदावर पडलेला निशाणी क्रमांक बहुधा वकिलांच्या कारकुनाला तोंडपाठ असतो. तारखांची डायरी, सुतळीने बांधलेले गठ्ठे आणि न्यायालयाच्या आवारातील ओळखी यांच्या बळावर चालणारे हे काम गेल्या दोन दशकांत हळूहळू संगणकाच्या पडद्यावर आले आहे. देशभरातील न्यायालयांच्या संगणकीकरणाचा 'ई-न्यायालये' प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला. त्याच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपयांच्या खर्चाला मान्यता दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाल्यावर तर 'हॅश'सारखा निव्वळ संगणकशास्त्रातील शब्द थेट पुराव्याच्या कायद्यात येऊन बसला.

या बदलात कारकुनाचे महत्त्व कमी झालेले नाही. उलट, पूर्वी एखादा कागद चुकीच्या गठ्ठ्यात गेला तर तो शोधून काढता येत असे. आता चुकीच्या पत्त्यावर गेलेली फाइल परत आणता येत नाही. म्हणूनच या कामातील मोजके शब्द नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

फाइल, फोल्डर आणि साठवण

कार्यालयात ज्याला नस्ती म्हणतात, तिच्याशी संगणकातील 'फोल्डर'चे नाते अधिक जवळचे आहे. 'फाइल' म्हणजे त्या नस्तीतील एक दस्तऐवज : दावा, कैफियत, शपथपत्र किंवा पुरसीस. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे ती कोणत्या प्रकारची आहे हे सांगतात. 'डॉकएक्स' असेल तर तो वर्डमधील मजकूर, 'पीडीएफ' असेल तर न्यायालयात सादर करण्याजोगा दस्तऐवज, आणि 'जेपीजी' असेल तर छायाचित्र.

'अंतिम', 'अंतिम नवा', 'अंतिम दुरुस्त' अशी नावे देण्याची सवय अनेक कार्यालयांत आढळते. महिन्याभराने यातील खरा अंतिम मसुदा कोणता, हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यापुढे दस्तऐवजाचा प्रकार असे नाव दिल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात.

संगणकाच्या स्मृतीचे दोन प्रकार असतात. 'रॅम' ही तात्पुरती स्मृती. टेबलावर पसरलेल्या कागदांसारखी. वीज गेली की तिच्यातील सारे पुसले जाते. 'हार्ड डिस्क' हे कपाट. 'सेव्ह' म्हणजे कागद टेबलावरून कपाटात ठेवणे. तासभर टंकलिहिलेली कैफियत विजेच्या एका झटक्याने नाहीशी होते, ती कपाटात ठेवलेलीच नसते म्हणून.

अक्षर दिसते मराठी, पण आत काय?

महाराष्ट्रातील कार्यालयांपुढची सर्वांत जुनी अडचण मराठी टंकांची आहे. युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला, तरी संगणकाच्या दृष्टीने ते एखादे रोमन अक्षर वा चिन्हच असे. त्याला केवळ मराठी वळणाचा पोशाख चढवलेला असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली, की अर्थहीन चिन्हांची रांग समोर येते. अशा मजकुरात 'फेरफार' किंवा 'सातबारा' हा शब्द शोधू गेल्यास तो सापडत नाही.

'युनिकोड' या प्रमाणात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिलेला आहे. 'क' या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. तो मुंबईतही तोच आणि गडचिरोलीतही तोच. त्यामुळे युनिकोडमधील मजकूर कोणत्याही संगणकावर वा भ्रमणध्वनीवर वाचता येतो, शोधता येतो आणि ईमेलने पाठवता येतो. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना यासाठी नवी सवय लावून घ्यावीच लागते असे नाही. युनिकोड हा अक्षरांच्या क्रमांकांचा प्रश्न आहे, कळांच्या मांडणीचा नव्हे. इनस्क्रिप्ट, उच्चारानुसारी आणि जुन्या टंकयंत्राची अशा तिन्ही मांडण्यांतून युनिकोड लिहिता येते.

जुन्या फाँटमधील नमुने फेकून द्यावे लागत नाहीत. परिवर्तकाच्या साहाय्याने ते युनिकोडमध्ये आणता येतात. मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि अंक डोळ्यांखालून घालणे अत्यावश्यक असते. गट क्रमांकातील एक अंक बदलला, तर मिळकतीचे वर्णनच बदलते.

पीडीएफ आणि स्कॅन

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणले आणि २००८ मध्ये ते आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्याचा मुख्य गुण असा, की पानाची मांडणी सगळीकडे सारखीच राहते. सातव्या पानावरचा परिच्छेद न्यायाधीशांच्या पडद्यावरही सातव्याच पानावर दिसतो.

पीडीएफ दोन प्रकारे तयार होते आणि या दोहोंतील फरक महत्त्वाचा आहे. वर्डमधून थेट पीडीएफ केल्यास त्यातील मजकूर मजकूरच राहतो. तो शोधता येतो. तोच मसुदा छापून स्कॅन केल्यास प्रत्येक पानाचे केवळ चित्र उरते. त्या चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा पुन्हा मजकूर करण्याच्या प्रक्रियेला 'ओसीआर' म्हणतात. सही, शिक्का आणि साक्षांकन असलेली पाने स्कॅन करावीच लागतात. पण उरलेला दीडशे पानांचा संच छापून पुन्हा स्कॅन करण्यात वेळही जातो आणि शोधण्याची सोयही.

स्कॅनची स्पष्टता 'डीपीआय'मध्ये, म्हणजे एका इंचात किती ठिपके यावर मोजतात. ३०० डीपीआयला ए-४ आकाराच्या एका पानात २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके येतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला ३ बाइट लागतात. म्हणजे आकार आक्रसण्यापूर्वी एकच पान सुमारे २६ एमबीचे होते. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ८ ठिपके एका बाइटमध्ये मावतात, आणि तेच पान जेमतेम १ एमबीचे होते. ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर फाइलच्या आकाराला मर्यादा असते. ती ओलांडली जाते याचे कारण बहुधा पानांची संख्या नसून रंगीत स्कॅन हे असते. टंकलिखित पाने काळी-पांढरी आणि नकाशे, छायाचित्रे तेवढी रंगीत, असा विवेक ठेवल्यास अडचण सुटते.

सीएनआर : दाव्याचा कायमचा पत्ता

नियमित दिवाणी दावा क्रमांक १२५ एकाच वर्षी अनेक तालुक्यांच्या न्यायालयांत असू शकतो. सीएनआर क्रमांक मात्र देशात एकमेव असतो. तो १६ अक्षर-अंकांचा असतो. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची, त्यानंतरचे दोन अंक न्यायालयाच्या आस्थापनेचे, पुढचे सहा अंक अनुक्रमाचे आणि शेवटचे चार वर्षाचे. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे क्रमांक 'एमएच' या अक्षरांनी सुरू होतात. डायरीत प्रत्येक दाव्यापुढे हा क्रमांक लिहून ठेवल्यास पक्षकाराचे नाव, वर्ष वा न्यायालय आठवत बसावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी हवी. संकेतस्थळावर दिसणारा आदेश वा तारीख ही माहिती असते. ती प्रमाणित नक्कल नव्हे. अपिलासोबत जोडण्यासाठी नक्कल विभागाची पायरी चढणे अद्याप चुकलेले नाही, आणि तारखेबाबत शंका आल्यास रोजनामा पाहणेच श्रेयस्कर.

डिजिटल स्वाक्षरी कोणाची?

स्कॅन केलेल्या सहीचे चित्र मसुद्यावर चिकटवणे म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० नुसार डिजिटल स्वाक्षरी ही दोन किल्ल्यांच्या गणिती पद्धतीवर आधारलेली असते. खासगी किल्ली फक्त स्वाक्षरी करणाऱ्याजवळ असते आणि सार्वजनिक किल्लीने ती स्वाक्षरी कोणालाही पडताळता येते. स्वाक्षरीनंतर दस्तऐवजात स्वल्पविराम जरी बदलला, तरी पडताळणी फसते.

ही खासगी किल्ली पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या 'टोकन'मध्ये असते. वकील न्यायालयात आणि टोकन कारकुनाच्या खणात, पिन मात्र टोकनलाच कागदाने चिकटवलेली, असे दृश्य दुर्मीळ नाही. कायद्याच्या कलम ४२ नुसार खासगी किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी घेणे ही ज्याच्या नावे प्रमाणपत्र आहे त्याची जबाबदारी आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी किंवा पासवर्ड कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरल्यास कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड होऊ शकतो. दस्तऐवज तयार करून ठेवणे हे कारकुनाचे काम. स्वाक्षरीची कळ वकिलांनीच दाबावी, हे दोघांच्याही हिताचे आहे.

'हॅश' आणि जालन्याचे प्रकरण

कोणत्याही फाइलवर ठरावीक गणिती प्रक्रिया केली, की अंक व अक्षरांची एक ओळ मिळते. तिला 'हॅश मूल्य' म्हणतात. ते त्या फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखे असते. 'शा-२५६' या पद्धतीत ही ओळ ६४ चिन्हांची असते. फाइलचे नाव बदलल्याने हॅश बदलत नाही. पण आतील एक अक्षर बदलले तरी ठसा पूर्णपणे वेगळा होतो.

याचे महत्त्व जालन्याच्या एका निवडणूक प्रकरणातून स्पष्ट होते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांचा २९६ मतांनी पराभव केला. खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र मुदतीत दाखल झाले होते काय, हा वादाचा मुद्दा होता आणि निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरण हा त्यातील पुरावा. मागणी करूनही अधिकाऱ्यांनी त्या चित्रीकरणाबाबत तत्कालीन पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. त्यावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात आणायची तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्ष दिली, तर मात्र त्याची गरज नाही. प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही, अशा पक्षाला न्यायालयाने सवलत दिली आणि अपील फेटाळले.

आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिला आहे. त्याचा 'अ' भाग पक्षाने आणि 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. यंत्राची बनावट, अनुक्रमांक, भ्रमणध्वनीचा आयएमईआय क्रमांक आणि हॅश मूल्य ही माहिती त्यात द्यावी लागते. त्यामुळे पक्षकार ध्वनिमुद्रण वा छायाचित्र घेऊन आला, की ते व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून घेण्याचा मोह टाळावा. तेथे छायाचित्र सामान्यतः आक्रसले जाते. मग त्याचा ठसा मूळ फाइलशी जुळत नाही. मूळ फोन जपून ठेवण्यास सांगावे, फाइल केबलने जशीच्या तशी उतरवावी आणि त्याच वेळी हॅश मूल्य नोंदवून ठेवावे.

गोपनीयता कारकुनालाही बांधते

पक्षकाराने वकिलांना विश्वासाने सांगितलेली बाब उघड न करण्याचे बंधन वकिलांच्या कारकुनांना व कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. १८७२ च्या पुरावा अधिनियमात हे तत्त्व होते आणि नव्या अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही ते कायम आहे. संगणकावर ते मोडणे मात्र फार सोपे झाले आहे.

एक उदाहरण पुरेसे आहे. पीडीएफमधील नावावर काळी पट्टी काढली, की ते झाकले गेले असे वाटते. प्रत्यक्षात पट्टीखालचा मजकूर तसाच असतो; तो निवडून दुसरीकडे चिकटवला की नाव वाचता येते. बलात्कार पीडितेची ओळख प्रकट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अशा प्रकरणात नाव मूळ मसुद्यातूनच काढून मग नवी पीडीएफ करणे हा सुरक्षित मार्ग होय. वर्डमधील फाइल प्रतिपक्षाला पाठवतानाही काळजी घ्यावी. 'ट्रॅक चेंजेस' चालू राहिल्यास वकिलांनी खोडलेली वाक्ये आणि समासातील शेरेही सोबत जातात.

हे लक्षात ठेवावे

* ईमेल पाठवण्यापूर्वी पत्ता पुन्हा वाचावा. पहिली दोन अक्षरे टंकताच संगणक सुचवतो तो पत्ता नेहमीच योग्य नसतो.
* महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर ठेवावी. संगणकाला कायम जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या हल्ल्यात संगणकाबरोबरच निकामी होऊ शकते.
* ओटीपी आणि टोकनची पिन कोणालाही दूरध्वनीवर सांगू नये.
* दाखल करण्यापूर्वी पीडीएफ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उघडून पाहावी. उलटे पान आणि सुटलेले परिशिष्ट तेव्हाच लक्षात येते.
* मुदतीचा शेवटचा दिवस ई-फायलिंगसाठी राखून ठेवू नये. संकेतस्थळ बंद पडल्यास कार्यालयाची सारी तयारी व्यर्थ ठरते. अडचण आल्यास न्यायालयाच्या आवारातील ई-सेवा केंद्राची मदत घेता येते.