प्रोग्रामरची उघडी वही

प्रयोग झाला की तुम्ही तो प्रयोगवहीत उतरवता. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारेही अशी वही ठेवतात. मात्र ती कोणालाही वाचता येते. तिला ब्लॉग किंवा अनुदिनी म्हणतात. प्रोग्राममधील चूक कशी सापडली, ती कशी दुरुस्त केली, हे एकाने लिहिले की दुसऱ्याचे श्रम वाचतात.

हे लेखन वाचकापर्यंत पोहोचवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत लेख माहितीसंचात साठवलेला असतो. वाचकाची मागणी आली की सर्व्हर, म्हणजे पाने पुरवणारा संगणक, मजकूर शोधतो, त्याला मथळा व चित्रे जोडतो आणि पान तयार करून पाठवतो. तयार पान राखून ठेवण्याची सोय नसेल, तर हजार मागण्यांसाठी हेच काम हजार वेळा करावे लागते! २००३ साली आलेली वर्डप्रेस ही प्रणाली मुळात या रीतीची.

दुसरी रीत छापखान्यासारखी आहे. जुळणी एकदाच करायची, मग प्रती हव्या तितक्या काढायच्या. लेख बदलला तरच पाने पुन्हा तयार होतात. यांना 'स्थिर पाने' म्हणतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ साली याच कामासाठी 'जेकिल' हा प्रोग्राम तयार केला. त्यासाठी मजकूर लिहितात तो बहुधा 'मार्कडाउन' या खुणांच्या पद्धतीने. ती जॉन ग्रूबर यांनी २००४ साली मांडली. ओळीच्या आरंभी # आणि मोकळी जागा दिली की मथळा होतो. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका दिल्या की तो ठळक दिसतो.

इतक्या साधेपणाचा लाभ काय? जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपली पाने मांडली होती. २००९ साली अमेरिकेतील ही सेवा बंद झाली. स्वयंसेवकांनी बरीच पाने वाचवली, पण सगळी नाही. लेखन दुसऱ्याच्या कपाटात ठेवून आपण प्रत ठेवली नाही, तर असे होते. साध्या मजकुराची फाइल मात्र कोणत्याही संगणकावर उघडते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेल्या 'गिट'मध्ये ती ठेवली, तर प्रत्येक पूर्ण प्रतीबरोबर बदलांचा सारा इतिहासही जातो. एक प्रत गेली तरी दुसरी उरते.

आता तुम्हीच करून पाहा. आपला एखादा प्रयोग साध्या मजकुरात लिहा आणि त्याच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. जागा फारशी लागणार नाही. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षरचिन्हाला ३ बाइट लागतात. 'वही' या शब्दात व, ह आणि दीर्घ वेलांटी अशी तीन चिन्हे आहेत. मग सांगा, त्याला किती बाइट लागतील?