स्वस्त दर, लांबलेले बिल

25, 15 आणि 45. सरकारी टेंडर भरायला निघालेल्या छोट्या उद्योजकाने हे तीन आकडे आधी नीट समजून घ्यावेत. पहिल्या दोहोंची चर्चा फार होते. नफा टिकतो की जातो, हे मात्र तिसरा ठरवतो.

25 टक्के हा खरेदीतला वाटा. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. आधी तो 20 टक्के होता, 1 एप्रिल 2019 पासून 25 झाला. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. शिवाय 358 वस्तू केवळ छोट्या उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत. स्टीलची कपाटे, छत्र्या, बादल्या त्या यादीत येतात. लाभासाठी लागणारी उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. दुसऱ्याचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असूनही हा लाभ मिळत नाही.

आता 15 टक्के. सर्वात कमी दरापेक्षा छोट्या उद्योगाचा दर एवढ्यापर्यंत वर असला, तरी त्याला संधी मिळते. समजा, केंद्राच्या एका खात्याला 1,000 वॉटर प्युरिफायर हवे आहेत आणि अंदाजित खर्च 80 लाख आहे. बयाणा रक्कम साधारण 2 ते 5 टक्के, म्हणजे किमान 1,60,000 रुपये. छोट्या उत्पादकाला ती माफ आहे. एका मोठ्या कंपनीने सर्वात कमी, म्हणजे 8,000 रुपये दर भरला. तुमचा दर 9,000. फरक साडेबारा टक्के, म्हणजे 15 च्या आत. त्यामुळे 250 नगांपर्यंतचे काम तुम्हाला मिळू शकते, पण 8,000 रुपयांनीच. इथेच अनेकांची गफलत होते. सवलत दारातून आत येण्यापुरती आहे, जास्त दर मिळण्यासाठी नाही. त्याच पट्ट्यात आणखी छोटे उद्योग असतील तर हे 250 नग त्यांच्यात वाटले जातात. आणि 1 एप्रिल 2025 पासून 100 कोटींपर्यंत उलाढालीचा कारखानाही, गुंतवणूक 25 कोटींच्या आत असेल तर, लघु उद्योगातच मोडतो. स्पर्धा त्याच्याशीही आहे.

तरी पूर्ण 250 नग मिळाले असे धरू. एका नगाला 7,400 रुपये खर्च आला, तर गुंतले 18,50,000 आणि नफा दीड लाख. हा पैसा 12 टक्क्यांच्या कॅश क्रेडिटमधून उचलला, तर महिन्याचे व्याज 18,500. बिल तीन महिन्यांत निघाले तर व्याजात 55,500 जातात. आठ महिने अडकले तर 1,48,000. दीड लाखाच्या नफ्यातून हातात उरतात 2,000 रुपये. यात सुरक्षा अनामत धरलेली नाही. बयाणा माफ झाला म्हणून ती माफ होत नाही. 20 लाखांच्या कामावर 5 टक्के लागली, तर एक लाख हमीची मुदत संपेपर्यंत अडकून राहतो.

म्हणून 45 महत्त्वाचा. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून फार तर 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बँक दर 6 टक्के असेल तर 18. माल पोचल्यापासून 15 दिवसांत खात्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याचा दिवसच स्वीकारल्याचा दिवस ठरतो. त्यामुळे चलनावर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. तारीख नसलेले चलन असेल, तर 45 दिवस मोजायचे कुठून?

महाराष्ट्राच्या महाटेंडर पोर्टलवर निघणाऱ्या राज्याच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या कामांना केंद्राचे 25 टक्क्यांचे धोरण आपोआप लागू होत नाही. तिथे टेंडरमधल्या अटी वाचाव्या लागतात. 45 दिवसांचा कायदा मात्र खरेदीदार कोणीही असो, लागू आहे. थकबाकीची तक्रार ऑनलाइन पोर्टलवरून सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे नेता येते. गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने लोक ती करत नाहीत. भीती खोटी नाही. निदान दर भरण्याआधी त्या खात्याला माल देणाऱ्या दोघा-तिघांना फोन करून बिल किती दिवसांत निघते ते विचारा आणि तेवढ्या महिन्यांचे व्याज दरात धरा. तो दर सर्वात कमी दराच्या अंदाजाच्या वर जात असेल, तर ते टेंडर भरू नका.